तिनं मिश्री सोडली होती

आमची कारभारीण खोटं बोलायची नाही. मार्केट यार्डात मी पोती वाहायचो, ती मिरच्या निवडायची. व्यापाऱ्याला तोंडावर म्हणायची, "शेठ, ह्या मिरचीला बुरशी हाय, गिऱ्हाईकाला फसवू नका." असल्या बाईला कोथरूडच्या एका दवाखान्यात खोटारडी ठरवलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

भाकरीचा करपलेला काठ तिच्या भारी आवडीचा, कुणाला द्यायची नाही. पोटच्या पोरीलासुद्धा नाही. दाढा पडल्यावर तोच काठ चहात बुडवून खायला लागली, म्हणून पोरीनं हट्टानं इम्प्लांट करायला लावलं. हाडात स्क्रू, त्याच्यावर दात. डॉक्टर म्हणाला, मिश्री सोडा. जन्मभर तंबाखू भाजून, कुटून, सकाळी उठल्या उठल्या दातांना लावलेली. पण त्याच दिवशी डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. मग सगळ्यांवर खेकसत राहिली, तरी बोट तोंडाकडं नेलं नाही.

एवढं करून हिरडी सुजली ती सुजलीच. हाड धरेना, स्क्रू हलायला लागला. डॉक्टर मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाला, "आजी, चोरून लावत असणार."

"तुम्ही बघितलंत?" ती म्हणाली. तो नुसता हसला.

दुसरीकडं एक तरुण डॉक्टरीण भेटली. इम्प्लांटला हाड का धरत नाही, याच विषयावर ती अभ्यास करत होती. तिनं समजावलं, "आजी, घाव भरायला आधी सूज लागते, पण ती वेळेत थांबावी लागते. पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू असतात. सूज वाढवण्याचे निरोप ते मधेच दाबतात. काही हाड बांधायला मदत करतात, काही अडवतात."

"म्हणजे आमच्या यार्डातला मुकादम. पुरे म्हणला की गाडी खाली करणं बंद. माझा मुकादम झोपला काय गं?"

"असेलही. पण कुणाचं काय बिघडलंय हे बघून उपचार करणं अजून संशोधनातच आहे."

"मग त्या डॉक्टरला कसं कळलं, मी चोरून लावते म्हणून?"

डॉक्टरीण म्हणाली, "मिश्रीनं हाडाला अपाय होतो, हे खरं. पण तुम्ही सोडली म्हणता ना, मग सोडली."

त्या दिवशी ती रिक्षात रडली. बायको रडलेली मी क्वचितच बघितलीय.

पुढं छातीत कळ आली आणि कारभारीण गेली. दाताशी त्याचा संबंध नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. मेव्हणीनं स्वतःच्या कमरेची डबी काढली, पिंडाशेजारी चिमूटभर मिश्री ठेवली. "दाजी, जीव ह्यातच अडकलाय तिचा. लपूनछपून लावायचीच की!"

माझ्या अंगाची आग झाली. "उचल ती!" म्हणून ओरडलो. भटजीसुद्धा दचकले. नैवेद्याच्या भाकरीचा करपलेला काठ मोडला आणि मिश्रीच्या जागी ठेवला.

कावळा आला. भुकेला असेल, मी काही म्हणत नाही. काठ चोचीत धरून उडाला.

मी मेव्हणीला म्हणालो, "बघितलंस?"