वरच्या वाडीच्या जीपचे दिवे

बिद्रीवरून आत वळलं की एक गाव लागतं, आणि गावाच्या मागच्या डोंगराच्या खांद्यावर वरची वाडी आहे. घरं अकरा, म्हशी माणसांपेक्षा जास्त. तिथली वाट अशी की तिला वाट म्हणायला जीभ धजत नाही. नुसते दगड आणि पाण्यानं पाडलेल्या घळी. साधी गाडी निम्म्यातच धापा टाकते. शेवटपर्यंत चढते ती एकच, हंबीररावांची चारी चाकांनी ओढणारी जुनी जीप. वाडीचं दूध त्या जीपमधून खाली डेअरीत येतं, आणि सात वर्षं झाली, ते आणते हंबीररावांची सून संयोगिता.

आधी तीस वर्षं जीप सासऱ्यांनीच चालवली. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं तरी नजर पहिल्यासारखी आली नाही. एका पहाटे त्यांनी जीप नेऊन थेट ग्रामपंचायतीच्या कट्ट्याला भिडवली, आणि चावी खुंटीला लागली. संयोगिताचा नवरा यशराज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळ्या करतो. त्याची झोपायची वेळ आणि म्हशींच्या धारेची वेळ एकच. आठ दिवस वाडीचं दूध माणसांच्या डोक्यावरून खाली आलं. नवव्या दिवशी संयोगितानं खुंटीवरची चावी काढली.

"तुला शिकवणार कोण?" हंबीरराव म्हणाले.

"तुम्ही."

"मला दिसत न्हाय."

"मला दिसतंय की, मामा. तुम्ही शेजारी बसून शिव्या घाला, मी चालवते."

शिव्या त्यांनी घातल्या. अगदी मनापासून घातल्या. पण महिन्याभरात ती जीप अशी चढवायला लागली की शिव्या द्यायला जागाच उरेना, आणि हंबीररावांना शेजारी बसायचा कंटाळा यायला लागला.

यंदा माघाच्या थंडीत गोष्ट अडली ती दिव्यांवर. कारखाना सुरू, रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या, आणि मागं लाल पट्टीसुद्धा नसलेल्या. त्यात सकाळचं धुकं. जीपचे पुढचे दोन्ही दिवे जुने झालेले. आतल्या आरशाचा मुलामा उडून गंज चढलेला. एका सकाळी दहा हातांवर आल्यावर संयोगिताला ट्रॉली दिसली. तिनं स्टिअरिंग मारलं, जीप ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांना घासून चरीत उतरली. तिला काही झालं नाही, पण एक कॅन लवंडला.

दूध संस्थेचा सेक्रेटरी केरबा दुपारी दारात आला. जीपभोवती एक फेरी मारली.

"वैनी, हे दिवं हायत का निरांजनं?"

"बदलायचंच हायत अण्णा."

"संध्याकाळी येतो. लावून दाखवा. न्हाय तर उद्यापासनं पिकअपवाला येईल, त्याला सांगून ठेवलंय. तुम्ही कुठं धडकलासा तर वाडीला तोंड मी दाखवायचं."

"पिकअप वर चढती व्हय?"

"निम्म्यापतोर चढती. तितनं वर वाडीवाल्यांचं वाडीवाल्यांनी बघायचं."

म्हणजे पुन्हा डोक्यावर कॅन. वाडीचा गुंडूआबा सत्तरीला आलेला. त्याच्या घरी दूध उचलणारं दुसरं कुणी नाही. कंबर धरली तर त्याला म्हशीच विकाव्या लागतील. संयोगिताला हे सगळं कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनं पायात चप्पल सरकवली आणि बिद्रीला निघाली.

स्पेअर पार्टच्या दुकानातला आकाराम तिला पांढरेशुभ्र एलईडी दाखवायला लागला. "हे टाका वैनी. दिवस उगवल्यागत उजेड."

"धुक्यात ते लावलं की ताकाच्या डेऱ्यात डोकं घातल्यागत होतंय. मला साधं गोल दिवं दे, आमच्या मापाचं."

त्यानं दोन गोल दिवे दिले, त्यांचे दोन बल्ब दिले, आणि वर बजावलं, "बल्बच्या काचंला बोट लावू नका. हाताचं तेल काचंवर बसलं की तापून फुटतोय."

संयोगिताचं माहेर कबनूरचं. चार यंत्रमागांच्या खडखडाटात ती वाढली. माग बिघडला की बाप सुटा केलेला एकेक भाग कापडावर डावीकडून ओळीनं मांडायचा, आणि जोडताना उजवीकडून उचलायचा. मिस्त्री घरी आलेला तिनं कधी पाहिला नाही. घरी येऊन तिनं तेच केलं. बॅटरीची वायर सोडली, जुनं लुगडं अंगणात अंथरलं, आणि दिव्याच्या कडीचे स्क्रू काढायला बसली. स्क्रू गंजून जाम झालेले. डिझेलचा बोळा लावून ती थांबली, मग पुन्हा लागली. नवे बल्ब तेवढे ताटात घालून घराच्या पुढच्या सोप्यावर ठेवले.

सोप्यावर सासूबाई होत्या, बाळाबाई. या घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकवाचं बोट लागल्याशिवाय ती कामाला लागत नाही. नवी कळशी असो, नवा फ्रीज असो. यशराजच्या हेल्मेटलासुद्धा लागलंय. बाळाबाईंनी नुकतंच गुडघ्याला तेल चोळलं होतं. त्याच बोटानं त्यांनी दोन्ही बल्बांना हळदकुंकू लावलं. मग त्यांना वाटलं, कुंकवानं उजेड अडायचा. म्हणून पदरानं पुसूनही ठेवलं.

संयोगितानं बल्ब फडक्यात धरून, काचेला न शिवता, डाव्या दिव्यात बसवला. मागं तीन पिनांचं टोपण लावलं, बॅटरीची वायर जोडली, बटण ओढलं. लख्ख उजेड पडला. बाळाबाईंनी हात जोडले. तो तसाच पेटता ठेवून संयोगिता उजव्या दिव्याकडं वळली, आणि पाच-दहा मिनिटांत आत बारीक फटकन आवाज झाला. डावा दिवा गेला.

"आकारामनं खोटा माल हाणला तुला," हंबीरराव दारातल्या कट्ट्यावरून म्हणाले. "लाव फोन. चांगला झाड त्याला."

फोन तिनं हातात घेतला होता. पण लावायच्या आधी दुसरा बल्ब उचलून उन्हाकडं तिरका धरला. काचेवर बोटाएवढा तेलकट ठसा. खाली पितळेच्या कडेला कुंकवाचा एक कण. तिनं सोप्याकडं पाहिलं.

"मी नुसतं बोट लावलं," बाळाबाई म्हणाल्या. "लगीच पुसलं की."

"पुसलं नसतंसा तर मला दिसलं तरी असतं, आत्याबाई."

तेवढंच बोलली. बाळाबाईंचा चेहरा उतरला. उन्हं कलायला लागलेली, आकारामचं दुकान आज बाजारामुळं लवकर बंद होणार. आता बिद्री गाठून परत येईपर्यंत केरबा येऊन गेला असता.

संयोगिता लुगड्यावर मांडलेल्या जुन्या सामानापुढं उकिडवी बसली. जुने दिवे हातात घेऊन उलटेपालटे केले. उजेड कमी पडत होता तो आरशामुळं. बल्ब तर दोन्ही आज सकाळपर्यंत पेटत होते, आणि मापही तेच.

"ह्याचं काय बिघडलंय?" ती स्वतःशीच म्हणाली. एक जुना बल्ब तिनं सोडवला. म्हशींच्या औषधांच्या डब्यातून डॉक्टरनं ठेवलेलं स्पिरिट काढलं, आणि तो जुना आणि तो कुंकवाचा नवा, दोन्ही चकचकीत पुसून वाळवले. डाव्या दिव्यातले फुटके कण उपडे करून, हलक्या हातानं फुंकून काढले, आणि दोन्ही बल्ब नव्या दिव्यांत बसवले. घाईच्या वेळी या बाईचे हात जास्तच सावकाश चालतात. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, तिचा होत नाही.

"आत्याबाई, ते दुधाचं कॅन पाण्यानं भरून द्या मला," ती म्हणाली. बाळाबाई गुडघे विसरून उठल्या.

"पाणी कशाला?" हंबीररावांनी विचारलं.

"मागं वजन आलं की जीपचं ढुंगण बसतंय आणि तोंड वर होतंय. रिकाम्या गाडीवर दिवं लावलं तर भरल्यावर उजेड झाडाच्या शेंड्यावर. तुम्हीबी बसा म्हागं."

"मी काय कॅन हाय?"

"कॅनपेक्षा जड हायसा. बसा."

हंबीरराव बसले. तिनं जीप गोठ्याच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर सपाटीला उभी केली, सुतळीनं दिव्याची उंची मोजली, आणि तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ ओढली. त्या रेघेच्या चार बोटं खाली उजेडाची वरची कड यायला हवी. बाळाबाई भिंतीशी बोट धरून उभ्या राहिल्या, संयोगिता दिव्याचे स्क्रू पिळत गेली. "अजून खाली," बाळाबाई ओरडायच्या, "आता डावा रुसलाय." कडूस पडून अंधार धरेपर्यंत दोन्ही उजेड एका ओळीत येऊन बसले.

केरबा आला तो मोटारसायकल लावून पाहतच राहिला. मग कपाळाला आठी घातली.

"एक दिवा पिवळा दिसतोय."

"दूध आणायचं हाय का वरातीला न्यायची हाय?" हंबीरराव कॅनांमधून म्हणाले.

 केरबा गल्लीच्या टोकाला चालत गेला आणि तिथून हात केला. संयोगितानं जीप सावकाश त्याच्या रोखानं नेली. उजेड त्याच्या गुडघ्यांवर राहिला, डोळ्यांत गेला नाही. मग तो बाजूला झाला. मागं उसाच्या फडाशी सोडलेली एक ट्रॉली होती, तिच्या चाकाचा नटबोल्टसुद्धा दिसत होता.

तो तिथंच उभा राहून पिकअपवाल्याशी फोनवर बोलला. "उद्या येऊ नको रे. न्हाय, न्हाय. वरच्या वाडीला जीपच जाणार." फोन खिशात घालून तो खिडकीशी आला. "पावणेसहाला कॅन काट्यावर पायजेत, वैनी."

"साडेपाचला आणते," संयोगिता म्हणाली. "तुम्ही तेवढं उठलेलं असा."