ओटीपीचा फोन

रत्नागिरीतल्या एका छोट्या सीए ऑफिसात मी लोकांचे रिटर्न भरते. दर जुलैत संगमेश्वरहून एक काकू एसटीने येतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पंख्याखालची खुर्ची धरतात, पदराने घाम टिपतात आणि मुंबईच्या मुलाला फोन लावतात, कारण ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो.

तो घाईघाईने आकडे सांगतो. काकू माझ्यापर्यंत पोचवताना त्यातला एखादा हमखास चुकवतात. मग पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. "जेवलास काय रे? खोकला गेला?" हे मधल्यामध्ये चालूच. त्याचा वैताग त्यांच्या कानापर्यंत जात नसावा.

काकूंना ऐकू कमी येतं, असं मी धरून चालले होते. यंदा मला त्यांची दया आली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी हळूच म्हटलं, "यांचाच नंबर टाकूया का? कटकट मिटेल."

खोलीच्या दुसऱ्या टोकाहून काकू ताडकन म्हणाल्या, "नको गो बाय! मग तो माझा फोन कशाला उचलील?"

मी नंबर तसाच ठेवला. त्या दिवशी काकूंनी आकडे बरोबर सांगितले. चुकीचे मीच टाकले.