मिशी कुठंय, महाराज?

शिवणक्लासात चिंध्या साठतात, तशा फजित्याही साठतात. चिंध्यांच्या गोधड्या होतात, फजित्यांचं काय करायचं?

बाहत्तर साली नेवाशात माझ्या क्लासात कुसुम यायची. वय पंधरा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती राजा झाली. नाटक संपल्यावर तिनं पाहुण्यांना वाकून हार घातला. तिची चिकटवलेली मिशी त्या हारात अडकली आणि पाहुण्यांबरोबर जीपमधून गेली!

तेव्हापासून कुसुम शाळेत जाईना. "गेटवर पोरं हुबी असत्यात, मावशी. 'मिशी कुठंय, महाराज?' म्हनत्यात. मी शाळा सोडली."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. आणि ही बया मिशीपायी मॅट्रिक सोडणार! मी मशीन थांबवलं.

"आपली फजिती आपणच आधी सांगायची. मग लोकांना सांगायला काही उरत नाही. ऐका माझी!"

* * *

लग्न झालं तेव्हा मी कुसुमएवढीच. पदर इतका खाली ओढलेला, की नवऱ्याच्या फक्त वहाणा दिसायच्या. एकदा बाजारातून त्या वहाणांमागं खाली मान घालून घरी आले. आतून एक बाई कडाडली, "ह्ये काय आनलं?"

वहाणावाला म्हणाला, "मी मीठ आनलंय. ही कोन, मला ठावं न्हाई!"

पोरी मशीनवर डोकी टेकून हसल्या. कुसुम सोडून.

* * *

मग क्लासातली सुमन म्हणाली, "मी यष्टीत शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर झोपले. मला उठवायचं कसं, म्हनून ते उतरलेच न्हाईत. जाग आली तवा म्हनले, 'पोरी, माझं गाव लई मागं ऱ्हायलं. आता तूच मला घरी पोचव!'"

* * *

मग नजमानं तिची सांगितली. ती मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला कोपरगावला गेली आणि मांडव चुकली. तिथं जेवली, पंगतीत वाढलं, पाठवणीला नवरीच्या गळ्यात पडून हुंदके दिले. नवरीचा पदर सरकला, तर नवरी भलतीच!

"मग गं?" कुसुमनं विचारलं.

"मग काय! नवरी म्हनली, 'आता सुरू केलंच हाय, तर रडून घिऊ!'"

कुसुमच्या ओठाचा कोपरा हलला. मी तेवढ्यावरच तिला धरलं. "सोमवारी शाळेत. मी येते गेटपर्यंत."

* * *

सोमवारी पोरं गेटवर होतीच. कुसुमनं माझा हात घट्ट धरला होता. सगळ्यात उंच पोरानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती हात सोडून पुढं झाली आणि ओरडली,

"माझी मिशी पाहुन्यांनी नेली रं! तुमच्यात कुनाला फुटली असंल तर दोन दिस उसनी द्या!"

गेटवरच्या सगळ्या पोरांचे हात आपापल्या ओठांवर गेले.