फलाटबाईच्या चोवीस विनवण्या

फलाटबाईने देवाशी अबोला धरलाय, ही बातमी आधी बसस्थानकावरच्या चहाच्या गाडीवर फुटली आणि चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला तिला एक दिवसही लागला नाही. वाटेत जो भेटला त्याने तिला आपल्या पदरचं तिखटमीठ लावलं.

"दर रविवारी जाते हो, पण ओठ शिवलेले!" कंडक्टर म्हणाला. "गाणं नाही, आमेन नाही. नुसती बसते आणि उठते."

चर्चमधले चष्मेवाले वडील, म्हणजे वडीलमंडळाचे चिटणीस, यांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे'ने सुरू होतं आणि 'म्हणजे'तच अडकतं. ते म्हणाले, "म्हणजे, माणूस रुसतं. म्हणजे, रुसू शकतं. पण अकरा महिने? म्हणजे, देवालाही काही कामं असतील की."

फलाटबाई म्हणजे माझी मावशी. त्यामुळे खरं काय ते मी सांगू शकते. ती रुसली नव्हती, तिला आवाजच उरला नव्हता. गळ्यातली गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. शुद्धीवर येऊन तिने पाणी मागितलं, तर तोंडातून शब्दांऐवजी फक्त हवा आली. नर्स म्हणाली, "येईल हळूहळू." डॉक्टर मात्र म्हणाले, "जोर लावलात तर आहे तेही जाईल." ते 'आहे तेही' म्हणजे कागद फाडल्यासारखी एक खरखर होती, आणि ती समोरच्या एका माणसाला जेमतेम ऐकू जायची.

आता ज्या बाईचं सगळं आयुष्य आवाजावर उभं होतं तिच्यासाठी हे काय होतं, ते समजून घ्या. बावीस वर्षं मावशी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कुठली रद्द. तिचा आवाज इतका स्वच्छ आणि शांत होता की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही लोक आधी मान डोलवायचे आणि मग शिव्या घालायचे. शिव्याही ड्रायव्हरला घालायचे, तिला कधीच नाही. आणि वर्षातून एकदा, पुनर्समर्पणाच्या रविवारी, म्हणजे मंडळी देवाला दिलेला शब्द नव्याने देते त्या दिवशी, हाच आवाज चर्चमध्ये चोवीस विनवण्या म्हणायचा. ती एक विनवणी म्हणणार आणि मंडळी उत्तर देणार, "प्रभो, आम्हांला धरून ठेव." वाचायला पुढे लाकडी मेज होतं. तिच्या आधी त्या मेजाशी तिचे वडील उभे राहत.

ऑपरेशनच्या आधी डेपोच्या साहेबांनी पाच दिवस खपून तिच्याकडून सगळ्या घोषणा रेकॉर्ड करून घेतल्या. ते काम बसस्थानकाच्या वायरमनने केलं. चर्चचे स्पीकरही तोच बघतो. शेवटच्या दिवशी तासभर उरला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, चोवीस विनवण्याही उरकून टाका. असू देत. टेन्शन नाही घ्यायचं." तिने त्या म्हटल्या. तेव्हा तिला वाटलं होतं, त्यांची गरज कशाला पडतेय!

ऑपरेशननंतर तिची बदली पार्सल खोलीत झाली. खोकी वजनाला लावायची, सुतळी बांधायची, खडूने नंबर टाकायचे. आणि दाराच्या बरोबर वर कर्णा. दिवसभर तिच्या डोक्यावर तिचाच आवाज गाड्या पुकारायचा. एक म्हातारे प्रवासी पार्सल सोडवायला आले, मावशीची खरखर ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि वर बोट दाखवून म्हणाले, "त्या वरच्या बाई बघा किती गोड बोलतात. शिका जरा त्यांच्याकडून."

मावशीने मान डोलावली आणि त्यांच्या खोक्यावर चुकीचा नंबर टाकला. मग पुसून बरोबर टाकला.

म्हणजे रुसवा अगदीच नव्हता असं नाही. रोज पहाटे ती गुडघ्यांवर बसायची आणि एकच मागायची. चार महिने नीट मागितलं. पुढचे चार महिने रडून मागितलं. त्यानंतर तिने देवाला तारीख दिली: पुनर्समर्पणाच्या रविवारी सकाळपर्यंत. तेवढ्यात आवाज आला नाही तर यापुढे मागणार नाही, आणि चर्चची पायरीही चढणार नाही. हे तिने बोलण्याऐवजी जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहून धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला दाखवलं.

आई घाबरलीच. "अगं ताई, देवाला कोणी तारीख देतं का? तो काय डेपो मॅनेजर आहे?"

मावशीने पाटी पुसून लिहिलं, "मॅनेजर निदान उत्तर तरी देतो."

आदल्या दिवशी दुपारी चष्मेवाले वडील आणि वायरमन पार्सल खोलीत आले. दोघं दोन खोक्यांवर बसले. वर मावशीचा आवाज सांगत होता की सातव्या फलाटावरची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटेल.

"म्हणजे, उद्याचं बघा," वडिलांनी घसा साफ केला, आणि समोर कोण बसलंय ते आठवून ओशाळले. "म्हणजे, तुमचं रेकॉर्डिंग आहेच. आवाज तुमचाच. तुम्ही समोर आरामात बसायचं."

"बटण दाबलं की झालं, मावशी," वायरमन म्हणाला. "टेन्शनच नाही घ्यायचं."

मावशीने पाटी उचलली. "मीच म्हणणार."

"कशाने म्हणणार?" वडिलांच्या तोंडून निसटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे, माफ करा. पण दोनशे माणसं असतात. पंखे चालू असतात, पोरं रडतात. पहिल्या बाकालासुद्धा ऐकू जाणार नाही. आणि मंडळाचं ठरलंय. म्हणजे, उद्यापासून दर वर्षी यंत्रच."

दर वर्षी. मेज गेलं की गेलं. तिने खडू मुठीत घट्ट धरला. ते दोघं उठून गेले. खडूचे दोन तुकडे झाले होते, ते तिला नंतर दिसलं.

रविवारी पहाटे तिने न्हाणीघराचं दार लावलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि तोंड उघडलं. 'आ' निघेना. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसा आवाज. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. बादली भरून वाहायला लागली, पाणी पायांखालून गेलं. ती स्टुलावर बसली. तारीख उलटली होती. उत्तर आलं नव्हतं.

"ताई?" आईने दार वाजवलं. "बरी आहेस ना?"

मावशी बाहेर आली, केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि चपला शोधायला लागली. आई बघतच राहिली.

"तू म्हणाली होतीस, आवाज आला नाही तर जाणार नाही."

मावशीने लिहिलं, "म्हणाले होते. चल, उशीर होतोय."

"मग का जातेस?"

मावशीने पाटी पुसली आणि चपला पायात सरकवल्या. तिला एवढंच कळत होतं की ज्याच्याशी भांडण आहे तो तिथे भेटतो. भांडण घेऊन दुसरीकडे कुठे जाणार?

चर्च गच्च भरलं होतं. मेजावर काळा स्पीकर ठेवला होता, तिच्या वडिलांचं शास्त्र, म्हणजे बायबल, जिथे उघडं असायचं बरोबर त्याच जागी. मावशी मेजाच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. पाळक जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही हं, बसून राहा." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. अबोला, रुसवा, बघ आता. तिला सगळं ऐकू येत होतं. कानांना तर काही झालं नव्हतं.

वायरमनने बटण दाबलं.

"जे दूर देशी आहेत, त्यांच्यासाठी," स्पीकर म्हणाला.

"प्रभो, आम्हांला धरून ठेव," मंडळी म्हणाली.

दुसरी विनवणी. तिसरी. चौथी. आवाज स्वच्छ, शांत, एक ठिपका इकडे नाही की तिकडे नाही. मावशी ऐकत होती. ही बाई कोण? हिला अजून काहीच झालेलं नाही. ही मागतेय दुसऱ्यांसाठी, स्वतःसाठी मागायची वेळ हिच्यावर कधी आलीच नाही. तिने मंडळीकडे पाहिलं. एकही मान वर नव्हती. कोणी घड्याळ बघत होतं, कोणी रुमालाची घडी घालत होतं, आणि तोंडं आपोआप उत्तर देत होती.

आता घोटाळा असा झाला होता की वायरमनने दोन्हींना एकसारखेच नंबर दिले होते. विनवणी पाच आणि फलाट पाच. आणि त्या सकाळी घाईत त्याने पेन ड्राइव्हवर पाचपासून पुढे कोणते नंबर घातले, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," स्पीकर त्याच शांत सुरात म्हणाला. "फलाट क्रमांक पाचवरून सुटणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

"प्रभो, आम्हांला धरून ठेव," दोनशे माणसं म्हणाली.

क्षणभर कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. स्पीकर पुढे म्हणाला, "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." अर्ध्यांनी पुन्हा 'प्रभो' म्हटलं, अर्ध्यांना तोवर कळलं, आणि कुठून तरी एक फुसकन हसू सुटलं. मग ते आवरेना. बाकं हलायला लागली. कंडक्टर तोंडात रुमाल कोंबून लाल झाला. वायरमन मेजाखाली शिरून जी वायर हाताला लागेल ती ओढत होता, आणि वर स्पीकर सहाव्या फलाटाची क्षमा मागत होता. पाळकांनी हात वर केले. कोणी बघेना.

मावशी उठली. स्पीकरचं बटण तिने स्वतः बंद केलं, तो उचलून जमिनीवर ठेवला आणि मेजामागे उभी राहिली.

हसू लगेच थांबलं नाही. लोक शांत होईपर्यंत ती मेजाच्या कडा धरून थांबली. तिला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. आहे तेही जाईल. तिने तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं.

"जे... आजारी आहेत... त्यांच्यासाठी."

ऐकू गेलं ते फक्त पहिल्या बाकाला. पहिला बाक दचकून म्हणाला, "प्रभो, आम्हांला धरून ठेव." ते ऐकून दुसरा बाक म्हणाला, मग तिसरा, आणि ते उत्तर असं बाकाबाकाने मागे सरकत शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. ती ते पोचेपर्यंत थांबली. मग सहावी.

नवव्या विनवणीला वरचे पंखे बंद झाले. बटणांच्या बोर्डापाशी चष्मेवाले वडील उभे होते, घामाने डबडबलेले, आणि या खेपेला त्यांच्या तोंडून एकही 'म्हणजे' निघत नव्हता. एका आईने रडणारं पोर उचलून बाहेर नेलं. मागच्या बाकांवरची माणसं उभी राहून पुढे वाकली होती. कोणी खोकलं तर शेजारी डोळे वटारत होता.

तेराव्याला घशात सुया टोचायला लागल्या. पंधराव्याला अर्धे शब्द गळाले. आई तिसऱ्या बाकावरून मानेने 'पुरे, पुरे' म्हणत होती. मावशीने तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

सतरावी विनवणी तिला पाठ होती. बावीस वर्षं ती तिने एका दमात म्हटली होती, सोळावी आणि अठरावी यांच्या मधली एक म्हणून. "ज्यांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्यासाठी." आज तिच्या ओठांवर पहिला शब्द आला आणि खरखरही गेली. काहीच उरलं नाही. ती थांबली.

दोनशे माणसं थांबली. बाहेर रस्त्यावरून सायकलची घंटी गेली, तीही आत ऐकू आली. मेज सोडून खुर्चीत जाऊन बसायला तिला तीन पावलं लागली असती. पाळक पुढे सरकलेही. तिने त्यांच्याकडे न बघता हात आडवा केला. 'तू दिलं नाहीस,' ती मनात म्हणाली. 'मी इथेच आहे. बघ.' आणि तिने ते वाक्य नुसत्या ओठांनी म्हटलं, एकेक शब्द, शेवटपर्यंत, जणू काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगत होती.

आवाज काडीचाही नव्हता. पण उत्तर आलं, आणि या वेळी बाकाबाकाने नाही, एकदम आलं. कारण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

उरलेल्या सात तिने तशाच म्हटल्या.

नंतर कोणी चमत्कार-बिमत्कार झाल्याचं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आवाज आला नाही. उलट होती ती खरखरही नऊ दिवस बंद झाली आणि डॉक्टरांनी तिला असं झापलं की बाहेर बसलेल्या पेशंटांनी आपले रिपोर्ट घट्ट धरले. पार्सल खोलीत कर्णा अजून तिच्याच आवाजात दिलगीर असतो. मंडळाने मात्र ठराव रद्द केला. म्हणजे, चष्मेवाले वडील म्हणाले तसं, "म्हणजे, यंत्राचं आपण, म्हणजे, नंतर बघू."

त्या झापाझापीनंतर माझी आणि मावशीची एक पैज लागली. मी म्हटलं, मावशी, एवढं सगळं झाल्यावर येत्या रविवारी तू पांघरूण घेऊन झोपणार. देवाने तुझं ऐकलं नाही, तू त्याचं काम केलंस, फिटंफाट. एक रविवार सुट्टी तर तू घेशीलच. मी हरले तर माझी नकलांची खोड बंद, महिनाभर कोणाचीही नक्कल करणार नाही, ना चष्मेवाल्या वडिलांची, ना वायरमनची, ना तिची. तिने पाटीवर लिहिलं, "लाव."

रविवारी पावणेसातला मी डोळे चोळत तिच्या खोलीत डोकावले. पलंगावर घडी घातलेलं पांघरूण होतं, आणि त्यावर पाटी: "मी पुढे जाते. तोंड धुऊन ये, आणि महिनाभर बंद ठेव."