लालीला मूळ आलं

"आपण व्हिसावर आहोत, नसत्या भानगडीत पडू नकोस," असं नवऱ्यानं बजावलं आणि वर चहाचा थर्मासही भरून दिला. भानगड एवढीच होती की इंग्लंडात रीडिंग गावी माझ्या ऑफिसमधल्या लितियाची गाडी गॅरेजमध्ये होती आणि शनिवारी तिला डेव्हनमधल्या एका छोट्या बंदराच्या गावी जायचं होतं. तिथल्या म्युझियमकडे तिच्या गावची लाली आहे. लाली म्हणजे ओंडका कोरून केलेला ढोल. गावाला बैठकीला बोलवायला तो वाजवायचे. साहेबाच्या राज्यात कुणीतरी तो उचलून इकडे आणला. गावाला लाली परत हवी आहे आणि म्युझियमचे विश्वस्त पुढच्या महिन्यात निर्णय घेणार आहेत. माझं काम फक्त गाडी चालवायचं.

लितिया फिजीची. ओळख झाली त्या दिवशी मी मोठ्या आपुलकीनं तिच्याशी हिंदीत सुरू झाले होते. फिजी म्हणजे उसाच्या मळ्यांवर गेलेले आपलेच लोक, ही आपली पक्की समजूत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "आम्ही तुमचे लोक यायच्या आधीचे." त्या दिवसापासून आमची मैत्री.

सकाळी सातला निघालो. एम-फोर हायवेनं ब्रिस्टलपर्यंत, मग एम-फाइव्हनं खाली. जाणार असाल तर लवकर निघा, सुट्ट्यांमध्ये ब्रिस्टलला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. हायवेवरच्या सर्व्हिसेसमधली कॉफी महाग आणि पाणचट, तेव्हा थर्मास हवाच. डेव्हनमध्ये शिरल्यावर बेकरीत बटाटा-चीजची पेस्टी घ्या. आपली करंजीच, पण एकीतच जेवण होतं.

गावाबाहेरच्या चर्च हॉलमध्ये फिजीच्या बायकांची संस्था जमली होती. बहुतेकींचे नवरे ब्रिटिश सैन्यात. दर शनिवारी इथे मुलांना आपली भाषा शिकवतात, नव्यानं आलेल्यांचे फॉर्म भरून देतात आणि उरलेल्या वेळात म्युझियमांना पत्रं लिहितात. एका कोपऱ्यात उत्तरांच्या फायली नीट लावलेल्या. बहुतेक उत्तरं नकाराची, तरी एकही फेकलेली नाही. आमच्या मंडळात गणपतीच्या मखराच्या रंगावरून दोन तट पडतात, ते आठवून मला लाजच वाटली. मनापासून सांगते, या बायकांबद्दल मला फार आदर वाटला.

तिथेच बुबू भेटली. बुबू म्हणजे आजी. ही लितियाची चुलत आजी, ऐंशीच्या पुढची. तिचे वडील ती लाली वाजवायचे.

म्युझियमचं कोठार गावामागच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे, पार्किंग फुकट. कोठार सांभाळणारी हेलन दारातच उभी होती, अगदी भली बाई. बुबूनं दारासमोर डांबरावर चटई टाकली, बसली आणि दोन्ही हातांत यंगोना नावाच्या झाडाच्या मुळांची जुडी धरून आपल्या भाषेत बोलू लागली. दुसऱ्याच्या दारात गेलं की मुळं पुढे करायची आणि मागणं मागायचं, ही त्यांची रीत.

हेलन अवघडली. "आय ॲम सो सॉरी, मुळांतून कीड येते, आमची पॉलिसी आहे. घेऊ का ते विचारते हं," म्हणून ती फोन लावायला लागली.

बुबूचे हात तसेच पुढे होते. मला राहवेना. म्हाताऱ्या बाईच्या हातातलं ओझं बघत नुसतं उभं कसं राहायचं?

"द्या बुबू, मी धरते," म्हणत मी जुडी घेतली.

बरोबर आलेल्या संस्थेच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेकीनं हाताची ओंजळ करून घुमणाऱ्या टाळ्या वाजवल्या.

"काय केलंस कळतंय?" लितिया हसू दाबत म्हणाली. "मुळं जो घेतो, त्याला मागणं मान्य असतं."

"अगं, मी ड्रायव्हर आहे."

"होतीस," बुबू म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

हेलननं फोन ठेवला, जुडी पिशवीत सील करून माझ्या गाडीत ठेवायला लावली आणि दार उघडलं. लाली चौथ्या फळीवर होती, नंबराची चिठ्ठी बांधलेली. वाजवायला परवानगी नव्हती. बुबूनं हातमोजा घातलेला एक तळवा लाकडावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या मांडीवर ठेका धरला.

"हा आता फक्त मला येतो," ती हेलनला म्हणाली. "मी गेल्यावर पाठवलीत, तर तुम्ही ओंडका पाठवाल."

 माझे डोळे भरून आले.

परतताना लितियाला सांगितलं, की आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मूळ येणं म्हणतात. फिजीत कुणाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण झाडाच्या मुळालाही मराठीत शब्द तोच.

"मग सासरचे पाठवतात?" तिनं विचारलं.

"मूळ आल्यावर नाही म्हणणं वाईट दिसतं."



लोकांनी मत कळवावं म्हणून म्युझियमनं वेबसाइटवर फॉर्म ठेवला आहे. मी आजवर गल्लीतल्या पार्किंगच्या अर्जावरही सही केलेली नाही. रविवारी बसले आणि नाव, पत्ता, सगळं खरं लिहिलं. शेवटी प्रश्न होता, या वस्तूशी तुमचं नातं काय? कर्सर लुकलुकत राहिला. फिजीची नाही, डेव्हनची नाही, धड या देशाचीही नाही. मग लिहिलं: "तिला न्यायला माहेरचं मूळ आलं. ते मी घेतलंय."