दुधावरचं वजन आणि आमचे उस्ताद

उस्ताद मोटारीचं सामान आधी हुंगत. डबा उघडला की वस्तू नाकाशी, मग अंगठ्याखाली, आणि रबराची असली तर सरळ दाताखाली. डोळे मिटून दोनदा चावत आणि मग निकाल देत. "असली हाय" किंवा "फेका." तिसरा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

वाशिमात मालेगावच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिनाचं काम ते घेत, पण नाक मुरडून. "इंजिन काय, कोनी बी चालू करते. थांबवनारा मानूस पाह्यजे." माणसांनाही ते याच काट्यावर तोलत. मला पाहायला आलेला पहिला मुलगा सलग दोन तास स्वतःबद्दल बोलला. उस्ताद तेव्हा योगायोगाने ओसरीवर चहा घेत बसले होते. तो गेल्यावर आईला म्हणाले, "भाभी, गाडी नवी हाय, पन ब्रेक नाई." आईने ते स्थळ दुसऱ्या दिवशी नाकारलं. उस्तादांचे मी आजही उपकार मानते.

त्या काळी ब्रेकच्या तेलात एरंडेल असे. बाटली असली की नकली ते उस्ताद वासावरून ओळखत, कारण भलतंच तेल ओतलं की आतली रबरं फुगतात आणि ऐनवेळी दगा देतात. मला लहानपणी दर महिन्याला एरंडेल पाजलेलं, त्यामुळे त्यांच्या गॅरेजात शिरले की मी नाक दाबून धरायचे. ते हसत. "पोट चालू कराले हेच तेल अन् गाडी बंद कराले बी हेच. उपरवाल्याची करामत पाय पोरी!"

त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि विलायती सामानावर तर सगळं इंग्रजीच. त्यावर त्यांनी आपला उपाय काढला होता. शाळेची वही घ्यायची, असली सामानावरच्या आकड्यावर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. आम्ही मुलं नाण्यांचे छाप काढायचो ना, अगदी तसंच. वहीभर असे काळे छाप होते. "असली आकडा आतून वर येते, साच्यातूनच वतीव राह्यते. नकलीवाला वरून ठोकते. अंगठा फिरव, समजते." मी फिरवला, मला काहीच समजलं नाही. "बी.ए. झाली तू," ते कळवळून म्हणाले, "कायले झाली?"

आता बाबांच्या मोटारीचं सांगायला हवं. बाबा शाळामास्तर, आमचं घर बौद्ध, आणि आजोबा गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलत. जिनच्या मालकाची विलायती मोटार यायची तेव्हा पळत जाऊन फाटक उघडायचं आणि बाजूला उभं राहायचं, हेही काम आजोबांकडेच होतं. त्या मोटारीची देखभाल तेव्हा उस्ताद करत. पुढे जिन बंद पडली, मोटार भंगारात निघाली, आणि आमच्या बाबांनी, ज्यांना सायकलही धड चालवता येत नव्हती, ती विकत घेतली. बैल लावून ती घरी ओढून आणली तेव्हा अख्खी गल्ली हसत होती. आई तर दोन दिवस बोललीच नाही.

बाबांच्या मनात काय होतं ते सगळ्या घराला ठाऊक होतं. त्यांना मला सासरी याच मोटारीतून, त्याच फाटकासमोरून पाठवायचं होतं. ते तसं बोलून दाखवत नसत. बाबा आयुष्यभर शाळेतली शुद्ध मराठी बोलले, आणि मनातलं सांगायला त्यांना ती कधी पुरली नाही. पंच्याहत्तर सालच्या सुमारास माझं लग्न अकोल्याला ठरलं आणि उस्ताद मोटारीखाली शिरले.

वर्षानुवर्षं पडून असलेलं इंजिन आठवड्यात बोलू लागलं. अडलं ते ब्रेकपाशी. चाकाच्या आत मुठीएवढा लोखंडी सिलिंडर असतो. पेडल दाबलं की तेल त्यात घुसतं आणि चाक आवळलं जातं. मागच्या डाव्या चाकात मधल्या काळात कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा सिलिंडर ठोकून बसवला होता. शहरातल्या एका दुकानातून नवा मागवला. लाल-पिवळा डबा आला. उस्तादांनी हुंगला, अंगठा फिरवला, वही काढून छाप जुळवला आणि म्हणाले, "फेका."

"अहो, त्यावर ओरिजिनल असं छापलं आहे," बाबा म्हणाले.

"मास्तर, असली मानूस गळ्यात पाटी घालून फिरते का?"

मी डबा हातात घेतला. 'ओरिजिनल'च्या स्पेलिंगमधला एक आय गायब होता. मी तसं सांगताच उस्ताद एवढे खूश झाले की त्यांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "मले आकडा समजला, तुले अक्षर. आपन दोघं मिळून एक पुरा मिस्त्री झालो!"

पण बाबांना हसू आलं नाही. लग्न आठ दिवसांवर होतं आणि अकोल्याच्या मंडळींना मोटारीचं सांगून झालं होतं. "एकाच चाकाचा तर प्रश्न आहे. बसवून टाका."

"आतून केसभर मोठा हाय तो. दाबलं का तेल सोडन. अकोल्याच्या वाटेनं मेडशीच्या पुढं घाट हाय, मास्तर. पोरगी बसनार हाय त्याच्यात."

"गाडी माझी आहे!" बाबा ओरडले. मी त्यांना ओरडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उस्ताद शांतपणे वाकले, ब्रेकच्या पेडलची खीळ काढली आणि खिशात टाकली. "गाडी तुमची. हे माह्यापाशी राहू द्या." आणि सायकल काढून चालू लागले.

चार दिवस दोघांमध्ये अबोला. बाबा बंद गाडीत एकटेच जाऊन बसत, स्टिअरिंगवर हात ठेवून. मला रडू यायचं. शेवटी आईच उठली आणि उस्तादांना बोलावून आणलं. "भाऊ, लग्नाच्या घरात असं बरं दिसते का? चहा घ्या, मंग काय भांडाचं ते भांडा."

उस्ताद स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले. आई दूध काढायला वाकली. आमच्याकडे एक चोरटी मांजर होती, म्हणून दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर आई वजन ठेवत असे. ते वजन उचलून तिने खाली ठेवलं, नेमकं उस्तादांच्या गुडघ्याशी. त्यांनी सहज अंगठा फिरवला आणि हातातलं पाण्याचं भांडं उलटलं.

"या खुदा! भाभी, हे कुठून आनलं?"

"ते होय? त्या डबड्याच्या सीटखाली होतं. अडगळ काढली तवा ठेवून घेतलं. चांगलं जड हाय."

उस्तादांनी वही उघडली. आकडा तोच, आतून वर आलेला. जुन्या मालकाच्या ड्रायव्हरने जपून ठेवलेला असली सिलिंडर आमच्या आईने वर्षभर राख लावून घासला होता आणि मांजरापासून दुधाचं रक्षण करायला बसवला होता. उस्ताद हसता हसता भिंतीला टेकले. मग बाबा आत आले, त्यांनी पाहिलं आणि तेही हसायला लागले. आई मात्र चिडली. "हसून काय राह्यले? आता दुधावर काय ठेवू मी?"

लग्न लागलं. पांढऱ्या साडीत मी मागच्या सीटवर, शेजारी नवरदेव, पुढे बाबा, आणि गाडी चालवायला खुद्द उस्ताद. जिनचं गंजलेलं फाटक आलं. बाबा सरळ समोर बघत होते. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी उस्तादांनी बरोबर फाटकासमोर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. उस्तादांनी इंजिनही बंद केलं.

"काय झालं?" नवरदेवाने विचारलं.

"काई नाई, जमाईबाबू. ब्रेक पाहून राह्यलो."

बाबांनी हळूच मान वळवून फाटकाकडे पाहिलं, जिथे आजोबा उभे राहत तिथे. त्यांचे खांदे हलत होते. मग उस्तादांनी किल्ली फिरवली आणि आम्ही मेडशीच्या दिशेने निघालो.

पहिल्या माहेरपणाला आले तर दुधाच्या झाकणावर तो नकली सिलिंडर विराजमान होता. उस्तादांनी स्वतः आणून दिला होता. "भाभी, मांजरीले नकली चालते," म्हणाले होते.

ते दशक संपता संपता उस्ताद गेले. मी अकोल्याहून निघाले, पोचले तेव्हा बाबा कब्रस्तानातून परतून दारात उभे होते. मला घरी जाऊन त्यांच्या बायकोला भेटायचं होतं. बाबांनी मोटार काढली. एव्हाना ते चालवायला शिकले होते, उस्तादांकडूनच, आणि तरीही बैलगाडीच्या वेगाने चालवत. येताना, वाट तिकडून नसतानाही, त्यांनी गाडी गावाबाहेर घेतली आणि जिनच्या फाटकासमोर उभी केली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"काय झालं, बाबा?"

बाबांनी चष्मा काढला. शुद्ध मराठीतल्या त्या माणसाने काचा सदऱ्याच्या टोकाला पुसल्या.

"काई नाई, पोरी," मग ते म्हणाले. "ब्रेक पाहून राह्यलो."