बारीक आवाज

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी सुपरवायझर आहे, म्हणजे दिवसभर ओरडायचं आणि कुणी ऐकायचं नाही अशा कामावर. दोन रांगांत चोवीस मशिनी. त्यांचे चामड्याचे रोल कापूस ओढतात, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. त्या आवाजात माणूस माणसाशी बोलत नाही, हातवारे करतो. पहिल्या हंगामात मी घरी जेवतानासुद्धा हातानेच भाजी मागायचो. बायको म्हणायची, "मी काही बहिरी नाही हो."

त्या आवाजाचा मला मनापासून राग होता. तो डोक्यात घुसायचा आणि रविवारीसुद्धा बाहेर निघायचा नाही. म्हणून मी कानात फोनची वायर घालायला लागलो. आधी जुनी हिंदी गाणी, मग भजनं, मग जे मिळेल ते. आवाजावर आवाज घालून पाहिला, पण गाणारे बिचारे मशिनीपुढे हरायचे.

मग एकदा यवतमाळहून नवे रोल घेऊन एस.टी.ने परत येत होतो. पायाशी पोतं, कानात वायर. मी लावलेलं गाणं संपलं आणि फोनने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. दोन मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, फोन गेला. मग फार लांबून गिटारचा एक सूर आला. पुन्हा तोच. पुन्हा तोच. आता कुणीतरी गायला लागेल म्हणून मी वाट पाहत बसलो. दारव्हा आलं आणि गेलं, गाणारा काही आला नाही. त्या सुराखाली दुसरा सूर सरकला, त्याखाली ढोल, इतका हळू की आधी ती माझ्याच छातीची धडधड वाटली. खिडकीबाहेर तूर उभी होती, एक बाई बांधावरून डबा घेऊन चालली होती, सगळं रोजचंच होतं. पण त्या संगीतात ते सगळं धोक्यात असल्यासारखं दिसायला लागलं. त्या बाईला हाक मारून थांबवावं असं वाटलं. शेवटी सगळी वाद्यं एकदम फुटली आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून जी, घरचं कोनी गेलं काय?"

"नाही, दाढ दुखते," मी म्हटलं.

या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात हे मला नंतर कळलं. नावावरून कुणाला काही बोध होईल असं नाही. शब्द नाहीत, मुखडा नाही, अंतरा नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसती वाद्यं एकमेकांवर चढत जातात, आणि पुढे काहीतरी येऊन राहिलंय ही भीती सोडत नाहीत. माझ्या घरात सगळे नोकरदार, सगळ्यांना सगळं शब्दांत आणि तीन प्रतींत लागतं. मला तर तोवर माहीतच नव्हतं की न बोलता एवढं सांगता येतं. मी त्याच्या प्रेमात पडलो, दुसरा शब्द नाही. बायकोने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "हे लावून स्वयंपाक केला तर दूध नासेल."

पण त्या संगीताने माझा कान बदलला. एका थराखाली दुसरा थर असतो आणि खालचाच थर खरा असतो, हे मला कळायला लागलं. एक दिवस मी मशिनींमध्ये उभा होतो आणि तो गोंगाट मला पहिल्यांदा वेगवेगळा ऐकू आला. हा पट्टा, हा गिअर, हे रोल. राग कमी झाला. खरं सांगायचं तर मला तो आवडायलाही लागला, आणि तिथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली.

आमच्या जिनिंगचे फिटर चाचा होते. तीस वर्षांपासून तेच. रोज दुपारी चार वाजता कापूस टाकणं थांबायचं आणि पाच मिनिटं मशिनी रिकाम्या चालायच्या. त्याला आम्ही रिकामी चाल म्हणतो. तेवढ्यात चाचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेऊन निघायचे. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि पुढे सरकायचं. बिघडणारं बेअरिंग आधी बारीक शिट्टीसारखं वाजतं. ते घरघरायला लागेपर्यंत ते तापलेलं असतं, आणि तापलेल्या लोखंडाशेजारी रुई असली की काय होतं ते आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. चोविसावी मशीन झाली की चाचा पेचकसाची मूठ खांबावर दोनदा आपटायचे, आणि मगच कापूस सुरू व्हायचा. शेठसुद्धा त्या ठकठकीच्या आधी तोंड उघडायचे नाहीत. हॉलमध्ये रुई निवडणाऱ्या पंधरा-वीस बाया त्या दोन ठोक्यांच्या भरवशावर बसलेल्या असायच्या.

चाचांची एक सवय होती. रुईचे कण नाकातोंडात जातात म्हणून आम्ही सगळेच डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतो. चाचांशी बोलायला गेलं की ते म्हणायचे, "दुपट्टा काढून बोल." आम्हाला वाटायचं, जुनं माणूस आहे, अदब लागते.

एकदा लाइन गेली आणि जिनिंग बंद पडलं. आम्ही दोघं सरकीच्या ढिगाला टेकून चहा पीत होतो. चाचांनी माझी वायर बोटाने उचलली.

"बाबू, तू दिवसभर काय ऐकून राह्यतो? दाखव मले."

मी एक टोक त्यांच्या कानात दिलं, एक माझ्या. माझं सगळ्यात लाडकं लावलं, ते एस.टी.तलं. सुरुवात त्यांनी जाऊ दिली. ढोल आणि जाड घरघर आली तसे ते हसले.

"याचं बेअरिंग जाऊन राह्यलं बाबू. ग्रीस मार याले."

मीही हसलो. मग ती जागा आली जिच्यासाठी मी ते वीस मिनिटांचं गाणं ऐकायचो. सगळं थांबतं आणि एकटी गिटार उरते, तारेवरून वारा जावा इतकी बारीक. दोन-तीन मिनिटं तेवढंच. चाचांनी वायर कानातून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"संपलं. बरं होतं."

माझ्या कानात ती गिटार स्वच्छ वाजत होती.

मला वाटलं, त्यांच्या बाजूची वायर बिघडली असेल. मी ती दुसऱ्या कानात घालून पाहिली. चांगली होती. मग मला त्यांचं ते "दुपट्टा काढून बोल" आठवलं. मी दुपट्टा तोंडावर ओढला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चाचा, तुमचा चहा सांडून राहिला." चाचा समोर पाहत राहिले. कप हातात सरळ होता, पण खाली पाहिलं नाही त्यांनी.

दुपट्टा खाली करून मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "दोन साल झाले. मोठे आवाज येतात. बारीक नाही येत."

"आणि रोज चार वाजता काय करता मग?"

"हात लावतो. गरम हाय का पाहतो. नसीब चांगलं हाय आतापर्यंत." मग माझा हात धरून म्हणाले, "सांगू नको बाबू. ह्या कामाबिगर मी घरी बसून काय करू? भिंतीले पेचकस लावू?"

शेठना सांगायला हवं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आज शहाणपण सुचलंय असं नाही. पण आम्ही त्याऐवजी एक सोय काढली. चाचा पेचकस लावणार, मग मी शिकाऊ माणसासारखा त्यांच्या मागून लावणार. ऐकणार मी. चोविसावी झाली की ते माझ्याकडे पाहणार, मी मान हलवणार आणि ते मूठ आपटणार. बाया चिडवायच्या, "सायेब आता फिटर होऊन राह्यले." एकच अट चाचांनी घातली, रिकाम्या चालीत कानात वायर नको.

तो हंगाम आमचा उत्तम गेला. मी तीन बेअरिंग वेळेआधी पकडली. माझ्या पोस्ट-रॉकने मला हे शिकवलं याचा मला भारी गर्व झाला, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते आपल्याला शाळेतच सांगितलेलं असतं.

दुसऱ्या हंगामात, कापूस भरपूर येत होता तेव्हाची गोष्ट. चार वाजले, मशिनी रिकाम्या झाल्या. कानात तेच गाणं चालू होतं आणि ती बारीक गिटारची जागा अगदी तोंडावर आली होती. मी उजव्या कानातली वायर काढली. डाव्या कानातली राहू दिली. वर दुपट्टा होता, कुणाला दिसणार? पेचकस लावायला एकच कान लागतो, असं मी स्वतःला समजावलं.

सात नंबरवर मी पेचकस टेकवला. डाव्या कानात गिटार, आणि उजव्या कानातही तोच बारीक सूर. दोन्हीकडून सारखा. मला वाटलं, गाणं डोक्यात आरपार भरलं. इतकं सुंदर ते कधीच वाजलं नव्हतं. माझे डोळे हसत असणार, कारण चाचांनी वळून पाहिलं आणि तेही हसले. आठ नंबरवर उजव्या कानात तो सूर नव्हता. मी त्याचा विचार केला नाही. चोविसाव्या मशिनीशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि खांबावर दोनदा ठकठक झाली.

वीस मिनिटांत वास आला. मग सात नंबरच्या खालून एक निळसर रेघ रुईवरून पळत गेली. रुईची आग भडकण्याआधी सरकते, आवाज करत नाही. बाया ओरडत बाहेर पळाल्या. सगळ्या निघाल्या, मी मोजल्या, दोनदा मोजल्या. चाचा मात्र उलटे आत गेले आणि मेन स्विच पाडला. त्या पेटीचं हँडल तापलेलं होतं. त्यांचा उजवा तळवा त्याला चिकटून सोलला गेला.

पाण्याचे पाइप चालू होते, धूर होता, मी अंगणात उभा होतो. दुपट्टा सुटला होता आणि वायर गळ्यात लोंबत होती. चाचा माझ्याजवळ आले. भाजलेला हात छातीशी धरून त्यांनी डाव्या हाताने ती वायर माझ्या गळ्यातून काढली, गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली. तेवढ्यात शेठ आले.

"चाचा, ऐकलं नव्हतं का चार वाजता?"

"नाही शेठजी. मले ऐकू येत नाही. दोन-तीन साल झाले, लपवलं मी." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाबूचा काही संबंध नाही. तो नुसता शिकून राह्यला होता."

मी तिथेच होतो. चार पावलांवर. माझं तोंड उघडलं नाही. भीतीने ते बंदच राहिलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आगीतून वाचलेल्या रुईच्या गाठी आमच्याकडे लगेच विकत नाहीत. पंधरा दिवस उघड्यावर वेगळ्या ठेवतात, कारण दाबलेल्या रुईत विस्तव आत दबून राहतो आणि केव्हाही वर येतो. रोज कुणीतरी जाऊन गाठीगाठीला हात लावून पाहायचा असतो. ते काम चाचांचं होतं. नोकरी सुटून ते गेल्यावर मी केलं. मी प्रत्येक गाठीवर तळवा ठेवायचो आणि प्रत्येक वेळी मला त्यांचा सोललेला तळवा आठवायचा.

चाचा आता आर्णीला राहतात, मुलाच्या दुचाकीच्या गॅरेजात. मागच्या महिन्यात मी गाडीवर तिकडे गेलो. रस्ताभर एकच वाक्य घोकत गेलो, चाचा, कान तुमचा नव्हता, माझा होता. ते बाकावर बसले होते. हाताची जखम भरली आहे, पण मूठ पूर्ण मिटत नाही. ख्यालीखुशाली झाली. मग तेच म्हणाले, "ते तुझं बेअरिंगवालं गानं लाव."

आगीनंतर मी ते ऐकलं नव्हतं. एक टोक त्यांच्या कानात दिलं, एक माझ्या. ढोल आले तशी त्यांनी मान डोलावली. मग ती जागा आली. सगळं थांबलं आणि बारीक गिटार उरली. चाचांनी या वेळी वायर काढली नाही, समोर रस्त्याकडे पाहत थांबले. धुळीसाठी बांधलेला दुपट्टा मी बोलण्यापुरता खाली केला होता, तो पुन्हा तोंडावर ओढला. त्याच्या आडून, रस्त्याकडेच पाहत, मी ते वाक्य बोललो. पूर्ण बोललो. तो सूर मी सात नंबरवर ऐकला होता, हेही बोललो.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. दुपट्टा हलताना दिसला असेल.

"काही म्हनलं काय बाबू? दुपट्टा काढून बोल."

मी दुपट्टा खाली ओढला. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"काही नाही चाचा," मी म्हटलं, "गाणं संपलं."

त्यांनी वायर काढून माझ्या हातात ठेवली. माझ्या कानात गिटार अजून वाजत होती.